मुलीच्या रिपोर्टमध्ये फॉस्फरस 'हाय' आलंय, किडनीचं काही असेल का?

चिऊची_आई
सोमवार, रात्री ११.४२

नमस्कार, इथे बरेच दिवस नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच, काही चुकलं तर सांभाळून घ्या. माझी मुलगी ८ वर्षांची आहे, तशी ठणठणीत, पण महिनाभर रात्री झोपताना पाय दुखतात पाय दुखतात म्हणत होती म्हणून घराजवळच्या लॅबचं ते पॅकेज असतं ना, सत्तर टेस्टवालं, ते करून घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, आम्हीच केलं, ऑफर होती. रिपोर्ट आज संध्याकाळी मोबाईलवर आला. फॉस्फरस ५.४, त्याच्यासमोर ठळक अक्षरात एच, रेंज २.५ ते ४.५. अल्कलाईन फॉस्फटेज २९८, परत एच, रेंज ४० ते १३०. क्रिएटिनिन ०.४, तिथे एल. कॅल्शियम ९.६, त्याच्यापुढे काही नाही.

नवऱ्याने दहा मिनिटांत शोधून काढलं की किडनी काम करेनाशी झाली की फॉस्फरस वाढतं, आणि तेव्हापासून घरात सुतक असल्यासारखं झालंय. सासूबाईंनी दूध बंद केलं, पनीर बंद, म्हणे दुधातच असतं ते. पोर दूध दे म्हणून रडून झोपली आत्ता. अपॉइंटमेंट गुरुवारची मिळालीये. तोपर्यंत कुणी सांगेल का की हे खरंच किडनीचं आहे का, आणि मुलांमध्ये हे जास्त असतं असं कुठेतरी वाचलं ते खरं असेल तर का असतं? नुसतं "काळजी करू नका" नको, त्याने काळजी जात नाही.

सँपल_कलेक्शन
मंगळवार, सकाळी ६.५५

ताई, पहिल्यांदा पोरीचं दूध चालू करा, मग पुढचं वाचा.

मी लॅबमध्ये १४ वर्षं काम करतोय. तुमच्या रिपोर्टवर जी रेंज छापलीये ना ती मोठ्या माणसांची आहे. सॉफ्टवेअरमध्ये वयाप्रमाणे वेगळी रेंज टाकायची सोय असते, पण एकदा बसून ती सगळी भरावी लागते आणि ते काम कुणाच्याच अंगावर नसतं, त्यामुळे आठ वर्षांच्या पोरीला आणि साठ वर्षांच्या आजोबांना एकच रेंज छापून जाते आणि मशीन बिचारं एच मारून मोकळं होतं. आठव्या वर्षी फॉस्फरस साधारण ४ ते ६ मध्ये असतं. अल्कलाईन फॉस्फटेज वाढत्या मुलांत तीनशेच्या आसपास म्हणजे रोजचंच, हाडं बनवणाऱ्या पेशीच ते सोडतात. आणि क्रिएटिनिन ०.४ ला एल बघून घाबरू नका, ते स्नायूंमधून येतं, पोरीला स्नायूच केवढे. उलट किडनी खरंच बसली असती तर हाच आकडा वर गेला असता, हे तुमच्या मिस्टरांना दाखवा.

अजून एक आमच्या बाजूचं सांगतो. लहान मुलाची शीर बारीक, मूल रडतं, हात ओढतं, मग सिरिंज जोरात खेचली जाते आणि लाल पेशी फुटतात. पेशींच्या आतलं फॉस्फेट (रक्तात फॉस्फरस याच रूपात असतं) बाहेर येतं आणि आकडा फुगतो. ट्यूब तासन् तास तशीच पडून राहिली तरी तेच. तुमच्या बाबतीत तसं झालंय असं म्हणत नाही, ५.४ मध्ये फुगलेलं काहीच नाही, पण कुणाचं साडेसात-आठ आलं तर आधी परत सँपल द्या आणि मग रडा.

फळा_आणि_खडू
मंगळवार, दुपारी १.२०

चिऊच्या आई, "का असतं" हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत, बाकीचं वरच्या भाऊंनी सांगितलंच आहे. मी नर्सिंग कॉलेजला फिजिऑलॉजी शिकवते, डॉक्टर नाही, तेव्हा चिऊबद्दल काय ते डॉक्टरच सांगतील. पण हा विषय माझा लाडका आहे त्यामुळे पोस्ट लांबणार, आधीच सांगते.

सगळे म्हणतात किडनी म्हणजे गाळणी. हे अर्धंच खरं आहे आणि त्या अर्ध्यापायीच तुमच्याकडे दूध बंद झालं. दिवाळीच्या साफसफाईत आपण काय करतो, खोलीतला कचरा एकेक वेचत बसत नाही, अख्खी खोली अंगणात काढतो, मग हवं ते परत आत घेतो आणि राहिलेलं भंगारवाल्याला देतो. किडनी हेच दिवसभर करते. रक्तातलं फॉस्फेट गाळून आधी नळीत उतरतं आणि त्या नळीच्या पहिल्याच वळणदार तुकड्यात त्यातलं बहुतेक सगळं परत उचललं जातं. मोठ्या माणसाच्या दोन किडन्या मिळून दिवसाला सहा ग्रॅमच्या आसपास फॉस्फरस गाळतात आणि लघवीतून बाहेर जातं ते एक ग्रॅमसुद्धा नाही, साधारण जेवढं जेवणातून रक्तात आलं तेवढंच. आवक-जावक सारखी, शिल्लक शून्य.

आता मुलांचं बघा. जन्मलेल्या बाळाच्या अंगात सगळं मिळून साधारण १७ ग्रॅम फॉस्फरस असतं आणि मोठ्या माणसात ६०० ते ७०० ग्रॅम, त्यातलं ८५ टक्के हाडांत आणि दातांत. हाडाचं जे खनिज आहे त्यात कॅल्शियमचे दहा अणू असले तर फॉस्फेटचे सहा गट असतात, जाहिरातवाले फक्त कॅल्शियमचं नाव घेतात आणि फॉस्फेट बिचारं मागे राहतं. म्हणजे हा सहाशे-साडेसहाशे ग्रॅमचा फरक वीस एक वर्षांत साठवायचा आहे. शिल्लक शून्य ठेवून कसं चालेल? घराचं बांधकाम सुरू असलं की दारात वाळूचा ढीग पडलेला असतोच, शेजारी कितीही कुरकुरले तरी. तुमच्या मुलीचं ५.४ म्हणजे तो ढीग आहे.

पण हा ढीग जास्त खाल्ल्यामुळे होत नाही, आणि मला वाटतं आजींना हेच सांगायला हवं. किडनीच तो धरून ठेवते. नळीच्या पेशींच्या आतल्या कडेला बारीक बारीक केसांसारखा ब्रश असतो आणि त्यावर फॉस्फेट उचलणारी प्रथिनं बसलेली असतात, सोडियमच्या जोरावर चालणारी. दोन मुख्य आहेत, त्यांना टू-ए आणि टू-सी म्हणतात. टू-ए सगळ्या वयात काम करतं. टू-सी पहिल्यांदा २००२ मध्ये सापडलं तेव्हा त्याचं वर्णनच वाढीशी संबंधित असं केलं होतं, कारण दूध सुटलेल्या वाढत्या उंदरांत ते भरपूर असतं आणि उंदीर मोठा झाला की कमी होतं. माणसात दोन्ही लागतात. ज्या मुलांत टू-सीचं जनुक बिघडलेलं असतं त्यांना फॉस्फेट लघवीतून गळून मुडदूस होतो.

आता ही प्रथिनं ब्रशवर किती ठेवायची हे कोण ठरवतं? मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोन, पीटीएच, ते त्यांना ब्रशवरून आत ओढून मोडीत काढतं, म्हणजे फॉस्फेट बाहेर जाऊ देतं. हाडातल्या पेशी एफजीएफ-२३ नावाचं एक हार्मोन सोडतात, तेही तेच करतं. हाड स्वतः किडनीला निरोप धाडतं, बास झालं आता. हा निरोप्या २००० सालापर्यंत कुणाला माहीतच नव्हता, मी बीएस्सीला होते तेव्हा आमच्या पुस्तकात त्याचं नावसुद्धा नव्हतं. आणि या दोघांच्या विरुद्ध बाजूला ग्रोथ हार्मोन. ते आयजीएफ-१ नावाच्या दुसऱ्या हार्मोनमार्फत किडनीला सांगतं की धरून ठेव, सोडू नको. वाढत्या उंदरांचं ग्रोथ हार्मोन औषधाने दाबलं तेव्हा त्यांच्या किडनीची फॉस्फेट धरायची ताकद उतरली. ज्या मुलांना उंचीसाठी ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं देतात त्यांच्या रक्तात फॉस्फेट थोडं चढतं. आणि मोठेपणी ज्यांच्या मेंदूतल्या ग्रंथीला गाठ होऊन ग्रोथ हार्मोन भसाभस सुटतं त्यांचंही फॉस्फेट परत लहान मुलांसारखं वर जातं. तीन वेगळ्या ठिकाणांहून एकच गोष्ट दिसते.

मुलांचं पीटीएच मोठ्यांपेक्षा कमी असतं आणि म्हणून फॉस्फेट साठतं असं काही नाही बरं का, ते जवळपास सारखंच असतं. किडनीचा काटाच वरच्या आकड्यावर लावलेला असतो. तान्ह्या बाळात ५ ते ७, शाळेच्या वयात ४ ते ६, वयात येताना उंचीची शेवटची उडी असते तेव्हा जरा वरच रेंगाळतं आणि वाढ संपली की हळूहळू २.५ ते ४.५ वर येऊन बसतं. त्या फक्त शेवटच्या आकड्याने चिऊला मोजलं गेलं.

टपरीवरचा_चहा
मंगळवार, दुपारी ४.०५

वा मॅडम, आमच्या वेळी अशा शिक्षिका असत्या तर मी आज वडापावच्या गाडीवर हिशोब लिहीत बसलो नसतो. दोन बाळबोध प्रश्न. एक, कोल्ड्रिंकमध्ये फॉस्फोरिक ॲसिड असतं म्हणतात, मग पोरांना ते दिलं तर उंची वाढणार का (माझा पोरगा हेच म्हणतोय). दोन, किडनी एवढं धरून ठेवते तर त्याने मुलांना मुतखडे का होत नाहीत?

फळा_आणि_खडू
मंगळवार, सायंकाळी ६.३०

तुमचा पोरगा वकील होणार. काळ्या कोलात फॉस्फोरिक ॲसिड असतं हे खरं, बाटलीवर आयएनएस ३३८ असं बारीक अक्षरात लिहिलेलं सापडेल, पण दूध, डाळी, शेंगदाणे, अंडी, मासे खाणाऱ्या मुलाला फॉस्फरस कमी पडतच नाही. जेवणातलं फॉस्फरस कमी पडून वाढ अडते असं फार क्वचित होतं. जास्तीचं दिलं तर चांगली किडनी ते लघवीतून काढून टाकते, उंचीत घालत नाही. आणि कोल्ड्रिंक पिऊन दुधाचा पेला मागे राहतो, तिथे कॅल्शियमचा तोटा होतो. पॅकेटबंद चीज आणि सॉसेजमधलं मिसळलेलं फॉस्फेट जवळजवळ सगळंच आत शोषलं जातं, डाळी-धान्यातलं मात्र निम्म्याच्या आसपास, कारण ते दाण्यातल्या फायटेट नावाच्या पदार्थात अडकलेलं असतं. ज्या मुलांची किडनी खरंच आजारी आहे त्यांच्या आईबापांना हे पाठ असतं. तिथे किडनी फॉस्फेट बाहेर टाकू शकत नाही, मग जेवणासोबत फॉस्फेट बांधून ठेवणाऱ्या गोळ्या द्याव्या लागतात. चिऊचे बाबा जे वाचून घाबरले ते हे, पण तिथे क्रिएटिनिन चढलेलं असतं.

मुतखड्याचं म्हणाल तर नळीतून परत उचलून रक्तात घेतलेलं फॉस्फेट लघवीत राहतच नाही, खडा कशाचा होणार. खडा लघवीत जे उरतं त्याचा होतो.

पायमोजणारा_बाबा
मंगळवार, रात्री १०.५०

हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, चिऊच्या आईंना घाबरवायचं नाहीये, तुमचं प्रकरण सरळ आहे, पण माझं बरोबर उलटं आहे आणि ते कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

माझा मुलगा सव्वा वर्षाचा असताना चालायला लागला तेव्हापासून फेंगडा चालायचा. आई म्हणाली डायपरमुळे, शेजारी म्हणाले लवकर उभा केला. मी दर रविवारी त्याला भिंतीला टेकवून उभा करायचो, घोटे जुळवायचो आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये माझी बोटं किती जातात ते बघायचो. आधी दोन बोटं जायची. दोन वर्षांचा झाला तेव्हा तीन. अडीचला अख्खी चार बोटं सहज. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी डी व्हिटॅमिनच्या ६०,००० युनिटच्या पुड्या दिल्या, आठवड्याला एक, संपल्या, परत दिल्या. रक्त तपासलं होतं, त्यात फॉस्फरस २.६ होतं आणि त्याच्यापुढे काहीही नव्हतं. ना एच ना एल. कारण रेंज छापली होती २.५ ते ४.५. तोच कागद मी दीड वर्ष फाईलमध्ये घेऊन फिरलो, चार जणांना दाखवला, सगळ्यांनी ठळक अक्षरं शोधली, ठळक काहीच नव्हतं म्हणून पान उलटलं. चिऊच्या आई, तुमच्या लेकीचा बरोबर असलेला आकडा ओरडला आणि माझ्या लेकाचा चुकीचा आकडा गप्प बसला, रेंज तीच.

चार वर्षांचा झाला तेव्हा एका मुलांच्या हार्मोनवाल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मनगटाचा एक्स-रे काढला, हाडाचं टोक सरळ असायला हवं ते कपासारखं पसरट आणि कडा झिजलेल्या झाडूसारख्या दिसत होत्या. मग सकाळी उपाशीपोटी रक्त आणि त्याच वेळची लघवी मागितली. पीटीएच जवळपास ठीक, डी व्हिटॅमिन पुड्यांमुळे उत्तम. म्हणजे साधा मुडदूस नव्हता. साध्या मुडदुसात डी किंवा कॅल्शियम कमी पडतं, मग पीटीएच चढतं आणि ते किडनीतून फॉस्फेट बाहेर घालवतं. शेवटी हाड अडतं ते दोन्हीकडे फॉस्फेट कमी झाल्यामुळेच, फक्त रस्ता वेगळा. आमच्याकडे गळती थेट किडनीतून होती. मॅडमनी वर सांगितलेला तो निरोप्या, एफजीएफ-२३, तो माझ्या मुलाच्या हाडातून गरज नसताना भरमसाट सुटतो आणि किडनीला सारखं सांगतो, सोड, सोड, सोड. शिवाय तो डी व्हिटॅमिनला किडनीत कामाच्या रूपात बदलू देत नाही, त्यामुळे पुड्यांवर पुड्या देऊन काही होत नव्हतं. आजाराचं नाव एक्सएलएच, २०,००० मुलांमागे एकाला असतो म्हणतात. डी व्हिटॅमिनला दाद न देणारा मुडदूस म्हणून हा १९३७ मध्येच वर्णन केलेला आहे आणि त्यातलं बिघडलेलं जनुक, फेक्स, १९९५ मध्ये सापडलं.

आजार आनुवंशिक, मग डॉक्टरांनी माझ्या बायकोकडे बघितलं. ती चार फूट नऊ इंच आहे, पाय थोडे वाकडे, आणि वरून चांगल्या दिसणाऱ्या, न किडलेल्या दातांच्या मुळाशी तिला पू व्हायचा, तीन रूट कॅनाल झालेत. तिचं फॉस्फरस केलं तर १.९. तिला बत्तीस वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. तिच्या माहेरी सगळे "आमच्यात उंची नाहीच" म्हणायचे. त्या रात्री ती जेवली नाही, म्हणाली माझ्यामुळे झालं. मी काय बोलणार.

आता मुलगा सात वर्षांचा आहे. फॉस्फेटचं पातळ औषध दिवसातून पाच वेळा आणि सोबत तयार रूपातलं डी. फॉस्फेट पाच वेळा का, तर दिलेला डोस तीन-चार तासांत किडनी गाळून टाकते, सकाळी एकदाच सगळं दिलं तर दुपारी परत खड्ड्यात. चव खारट-आंबूस, पहिल्या महिन्यात जुलाब व्हायचे, आम्ही कोकम सरबतात मिसळून द्यायला लागलो आणि तेव्हापासून कुरकुर कमी. दुधासोबत द्यायचं नाही, कॅल्शियमला चिकटून आतड्यातच राहतं. शाळेत अकराचा डोस वर्गशिक्षिका देतात, पाण्याच्या बाटलीला लाल रबरबँड लावलेलं असतं तीच ती बाटली. जास्त झालं तरी पंचाईत, पीटीएच चढतं, किडनीत कॅल्शियम साठतं, म्हणून दर तीन महिन्यांनी रक्त-लघवी आणि वर्षातून एकदा सोनोग्राफी. एफजीएफ-२३ ला थेट अडवणारं इंजेक्शन २०१८ मध्ये अमेरिका-युरोपात मंजूर झालं, बुरोसुमॅब, त्याची किंमत ऐकली आणि फोन ठेवला. बोटं मात्र आता गुडघ्यांमध्ये दोनच जातात.

एनआयसीयू_सिस्टर
बुधवार, पहाटे ३.१५

नाईट ड्युटीवर वाचतेय, बाबा, तुमच्या मिसेसना माझा नमस्कार सांगा.

आमच्याकडची, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातली, बाजू थोडक्यात. पोटातल्या बाळाला कॅल्शियम-फॉस्फेटचा बराचसा साठा शेवटच्या तीन महिन्यांत मिळतो, म्हणून २८ आठवड्यांत जन्मलेलं बाळ येतं तेच रिकाम्या हाताने. त्यांची लघवी तपासली तर फॉस्फेट जवळजवळ शून्य, किडनी थेंब न् थेंब पकडून ठेवते तरी पुरत नाही, कारण आईच्या दुधात फॉस्फरस कमी असतं, १०० मिलीला १५ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणून आईच्याच दुधात पावडर मिसळून देतो. आणि याच्या बरोबर उलट वरचं दूध. गाईच्या दुधात फॉस्फरस आईच्या दुधाच्या साधारण सहापट. पूर्ण दिवसांच्या बाळाला आठवड्याच्या आत वरचं दूध सुरू केलं की त्याच्या नवख्या किडनीला एवढं बाहेर टाकता येत नाही, फॉस्फेट चढतं, कॅल्शियम खाली येतं आणि बाळाला झटके येतात. पूर्वी हे बरंच दिसायचं, अजूनही एखादं येतं, आणि सोबतची आजी सांगते की आईला दूधच नव्हतं हो. चिऊच्या आजींचं दुधाबद्दलचं भय चूक म्हणत नाही मी, फक्त त्याचं वय आठ दिवस आहे, आठ वर्षं नाही.

चिऊची_आई
बुधवार, सकाळी १०.१०

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. सिस्टर, तुमचं शेवटचं वाक्य सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या हसल्या आणि स्वतः उठून दूध तापवलं. पायमोजणारे बाबा, तुमचं वाचून मी रात्री चिऊला उठवून तिचे घोटे जुळवून बघितले, गुडघे चिकटतात, झोपेत वैतागली माझ्यावर. एक विचारू का, ते उपाशीपोटी रक्त आणि लघवी एकत्र कशाला? नवरा कुठेतरी टीआरपी काढतात म्हणून वाचून आला, मला टीआरपी म्हटलं की मालिकाच आठवतात.

फळा_आणि_खडू
बुधवार, दुपारी २.००

हा टीआरपी म्हणजे गाळलेल्या फॉस्फेटपैकी किती टक्के परत उचललं. नुसत्या रक्ताच्या आकड्यावरून कळत नाही की कमी आलंय म्हणून कमी आहे की गळतंय म्हणून कमी आहे. रक्तात आणि लघवीत दोन्हीकडे फॉस्फरस आणि क्रिएटिनिन मोजायचं. लघवीतलं फॉस्फरस गुणिले रक्तातलं क्रिएटिनिन, त्याला भागा रक्तातलं फॉस्फरस गुणिले लघवीतलं क्रिएटिनिन, जे येईल ते एकातून वजा करा. समजा चिऊचं रक्तातलं ५.४ आणि ०.४ आहेच, लघवीत फॉस्फरस ६० आणि क्रिएटिनिन ८० आलं असं धरू. ६० गुणिले ०.४ म्हणजे २४, आणि ५.४ गुणिले ८० म्हणजे ४३२, भागाकार ०.०५६, म्हणजे ९४ टक्के परत घेतलं. छान. आता बाबांच्या मुलासारखं एखादं धरा, रक्तात २.६ आणि ०.३, लघवीत ९० आणि ४०. २७ भागिले १०४, ०.२६, म्हणजे ७४ टक्केच परत घेतलं. रक्तात एवढी टंचाई असताना किडनीने नव्व्याण्णव टक्के पकडायला हवं होतं आणि ती पाव भाग सोडून देतेय, ही गळती. डॉक्टर याच्यापुढे जाऊन किडनीचा काटा कुठल्या आकड्यावर लागलाय तेही काढतात, मुलांसाठी सूत्र सोपं आहे: रक्तातल्या फॉस्फरसमधून लघवीतलं फॉस्फरस गुणिले रक्तातलं क्रिएटिनिन भागिले लघवीतलं क्रिएटिनिन एवढं वजा करायचं. पहिल्या उदाहरणात ५.१ येतं, दुसऱ्यात १.९. या वयात हा आकडा साडेतीन-चारच्या वर हवा.

उपाशीपोटी अशासाठी की जेवणानंतर आणि दिवसाच्या वेळेप्रमाणे फॉस्फेट वरखाली होतं. आणि रात्रभराची साठलेली पहिली लघवी टाकून दुसरी घेतात, म्हणजे रक्ताच्या वेळेशी जुळते. चिऊला यातलं काही करायची गरज नाहीये, तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.

सँपल_कलेक्शन
बुधवार, रात्री ९.३०

मॅडम तुमचं गणित प्रिंट काढून काउंटरला लावलंय. आणि आज जेवणाच्या सुट्टीत बसून मी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये फॉस्फरस आणि अल्कलाईन फॉस्फटेजला वयाची रेंज भरली. मालकांना विचारलं नाही.

चिऊची_आई
गुरुवार, रात्री ८.४५

जाऊन आलो. डॉक्टर बाईंनी रिपोर्ट बघितला, पेनाने त्या रेंजवर काट मारली आणि बाजूला लिहिलं ४ ते ६, एवढंच. मग चिऊची उंची मोजली, मागच्या वर्षीपेक्षा सहा सेंटिमीटर जास्त, तक्त्यावर ठिपका दिला, ठिपके ओळीत आहेत म्हणाल्या. पाय दोन्ही दुखतात का, सकाळी उठल्यावर असतं का, लंगडते का, एवढं विचारलं. दोन्ही दुखतात, सकाळी काही नसतं, धावते. म्हणाल्या वाढत्या वयाचं आहे, रात्री तेलाने चोळा, परत टेस्ट नको. आणि मला जरा रागावल्या, न विचारता सत्तर टेस्ट केल्या म्हणून. ते ऐकून घेतलं. नवरा गाडीत म्हणतो, मी म्हणतच होतो काही नाहीये.

अनामिका_०९
शुक्रवार, दुपारी १२.३५

तीन दिवस हा धागा वाचतेय आणि आज हिंमत करून लिहितेय. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, चालताना डुलतो, आम्हाला सांगितलंय की जाडजूड आहे म्हणून. त्याचा मागच्या वर्षीचा रिपोर्ट काल कपाटातून काढला. फॉस्फरस २.७, पुढे काही नाही. अल्कलाईन फॉस्फटेज ६४०, त्याला एच आहे, पण तेव्हा आम्हाला कुणीतरी म्हणालं होतं की मुलांमध्ये ते वाढलेलंच असतं. काय करू?

पायमोजणारा_बाबा
शुक्रवार, दुपारी १२.४१

ताई, मुलांच्या डॉक्टरांची लगेचची वेळ घ्या, हाच कागद न्या आणि २.७ वर स्वतः बोट ठेवून दाखवा, पान उलटू देऊ नका. जाताना त्याला काही खायला न देता सकाळीच न्या म्हणजे रक्त-लघवी तिथेच सांगितली तर परत यावं लागणार नाही. पीटीएच आणि डी करा म्हणतील, करा. तोपर्यंत दुकानातून पुड्या आणून देऊ नका. आणि तुमची स्वतःची आणि मिस्टरांची उंची, दात, सगळं आठवून ठेवा, विचारतील.

अनामिका_०९
शुक्रवार, दुपारी १.१०

उद्या सकाळी साडेनऊची मिळाली. आत्ता तो झोपलाय, घोटे जुळवून बघितले. तीन बोटं जातात.